कोर्सचं नंतर बघू, आधी ती कडी

ताई, मुलीला शिवण शिकवू की पार्लर हे विचारताना पत्रात तुम्ही तिचे मार्क, कोर्स, वाया गेलेली वर्षं सगळं लिहिलंय, पण मी अडकले ते "मोबाईल काढून घेतलाय आणि खोलीला आतून कडी लावू देत नाही" या ओळीवर. तिला नोकरीचं सांगून नेलं आणि विकलं, दीड वर्षाने सुटली, घरी येऊन आठ महिने झाले. तिकडेही फोन काढूनच घेतला होता ना? दारही तिच्या हातात नव्हतं. तुम्ही काळजीपोटी करताय, मान्य, पण तिच्या अंगाला हा फरक कळत नाही. फोन आजच परत द्या.

"चार ओळी वाचल्या की विसरते, डोकं दुखतं म्हणते, नाटकं आहेत." नाटकं नाहीत हो. युरोपात अशा सुटलेल्या 192 बायकांशी बोलून केलेला अभ्यास 2008 साली छापून आला, त्यात दहातल्या आठ जणींना डोकेदुखी आणि थकवा, निम्म्याहून जास्त जणींना काही लक्षात राहत नव्हतं. जी रात्री दिवा लावून, दाराकडे तोंड करून पडते तिच्या डोक्यात दुपारी भूगोल कसा शिरणार? ट्रॉमाचं, म्हणजे मनावर बसलेल्या आघाताचं काम करणाऱ्या डॉक्टरकडे न्या आणि आत तिला एकटीला जाऊ द्या.

आणि ते "शेवटी स्वतःच्या पायाने गेली होती", ते डोक्यातून काढा. माणसांच्या खरेदी-विक्रीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2000 सालच्या करारातच, पालेर्मो प्रोटोकॉलमध्येच आहे की फसवून किंवा धाक दाखवून मिळवलेला होकार धरायचाच नाही. ती कामाला गेली होती, विकली जायला नाही. पळाली का नाही म्हणाल तर डोक्यावर खोटं कर्ज चढवतात, घरी फोटो पाठवू म्हणतात, तिथेच पाय बांधले जातात. हे वाक्य घरात चालू असेल तर कुठल्याही कोर्सची फी भरा, पाण्यात.

दहावी मुक्त विद्यालयातून एकेक विषय देत पूर्ण करता येते. कोर्टात तिच्या साक्षीची तारीख असेल तर त्या सुमारास पेपर नको, सगळं परत सांगावं लागतं, झोप उडते.

शिवण की पार्लर विचारलंय. अशा मुलींना हेच दोन पर्याय कोणी ठरवले? अख्ख्या पत्रात तिला काय आवडतं याची एक ओळ नाही. शिवण आवडत असेल तर खुशाल शिकू दे. पुढचं पत्र तिला वाटलं तर तिने लिहावं, तुम्ही लिहून सहीला पुढे करू नका.