मांडीवरची चापट आधी चालली, आता का चालत नाही

बोलताना अडखळता, नाव सांगताना शब्द सुटावा म्हणून मांडीवर चापट मारावी लागते आणि आता चापट मारूनही बहुतेक वेळा शब्द सुटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून माझी कॉलेजची वर्षं आठवली. मी डॉक्टर किंवा थेरपिस्ट नाही, नुसता अनुभव सांगतेय.

मूळ अडखळणं तुम्ही शिकलेलं नाही. त्यात आनुवंशिकता असते, मेंदूची जडणघडण असते. चापट मात्र शिकलेली. कधीतरी चापट मारली आणि त्याच क्षणी शब्द सुटला, कदाचित तो तसाही सुटणार होता. पण सुटका झाली आणि चापट अंगवळणी पडली. आता ती क्वचितच चालते, आणि अधूनमधून का होईना चालते म्हणूनच ती सवय सुटत नाही. अडखळण्यावर काम करणारे संशोधक ब्रुटन आणि शूमेकर यांनी १९६७ मध्ये असं मांडलं: भीती प्रसंगाला चिकटते, आणि तिच्यातून सुटायच्या युक्त्या त्या सुटकेमुळे पक्क्या होतात.

माझा 'द' अडायचा. दादरला मावशीकडे जायचं, तर डोंबिवलीच्या खिडकीवर मी परळचं तिकीट मागायचे आणि दादरला उतरायचे. दरवेळी जीव भांड्यात पडायचा, आणि पुढच्या वेळी 'दादर' आणखी अवघड व्हायचं.

सगळ्यात महाग पडलं ते अडखळणं बरं करून देतो म्हणणारं एक केंद्र. पूर्ण फी आगाऊ. बोटाने ताल धरून एकेक अक्षर म्हणायचं. बंद खोलीत मी घडाघडा बोलायला लागले, 'बरी झालीस' म्हणून मला सोडलं. आठवड्यात त्याच खिडकीवर बोट आपटत उभी, मागे रांग, तोंडातून शब्द नाही. तालावर बहुतेकांचं अडखळणं तात्पुरतं कमी होतं, हे त्यांनी सांगायलाच हवं होतं! मला मात्र वाटलं, आपलाच सराव कमी पडला. पुढची चार वर्षं मी कुणाकडेच गेले नाही. त्या चार वर्षांचा राग अजून आहे.

म्हणून माझं ठाम मत, सगळ्यांना पटेलच असं नाही: नवी युक्ती शोधू नका, आहेत त्या सोडा. शब्द बदलू नका. अडकत का होईना, शब्द पूर्ण करा, थांबा, मग तोच शब्द जोर न लावता पुन्हा म्हणा. ही अडखळण्यावर उपचार करणारे तज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांची रीत, ते स्वतःही अडखळायचे. थेरपिस्टकडे जाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा, खोलीबाहेरचा सराव कसा घेणार? मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, तिथे चौकशी करा. घरच्यांना सांगा, माझा अडलेला शब्द तुम्हीच पूर्ण करू नका. वेखंड-मधाचे सल्ले ऐकून सोडून द्या.

आणि मोबाइलवरचं तिकीट थोडे दिवस बंद. दुपारी गर्दी नसताना खिडकीवर जा. मी पहिल्यांदा 'दादर' म्हटलं तेव्हा बराच वेळ लागला, पण आतला माणूस थांबला होता.