नव्या मुलांची ओळख

प्रश्न : माझ्या पहिलीच्या वर्गात 24 मुलं आहेत. गावातली एका बाजूला, तांड्यावरची दुसऱ्या बाजूला बसतात. ओळख कशी करून देऊ?
– एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : ताई, उभं करून नाव विचारू नका, लाजरं मूल तिथंच मिटून जातं. ‘मामाचं पत्र हरवलं’ खेळा. फक्त एक बदल करा : ज्याच्या मागं रुमाल टाकला, त्याचं नाव टाकणाऱ्यानं मोठ्यानं घ्यायचं. आठवलं नाही तर सगळ्या वर्गानं सांगायचं. आठवडाभर रोज दहा मिनिटं पुरेत.

माझ्या वर्गातली तांड्यावरची एक मुलगी महिनाभर गप्प होती. एकदा मी भाकरीचं चित्र दाखवून विचारलं, “घरी काय म्हणता?” ती हळूच म्हणाली, “बाटी.” दुसऱ्या दिवशी डबा उघडताना सगळी पोरं “बाटी, बाटी” म्हणत तिच्याभोवती बसली. तांड्यावरच्या मुलांकडून असे शब्द जरूर मागा.