क्रूझ कॅन्सल करायच्या आधी बंदरांचा क्रम बघा, आणि बाबांना लस द्यायच्या आधी त्यांच्या गोळ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मायामीहून दहा रात्रींची क्रूझ, आधी कोलंबियातलं कार्टाहेना, मग पनामातलं कोलोन, मग कोस्टा रिकातलं लिमोन, परत मायामी. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आईबाबा. आता कंपनीचा मेल आलाय की यलो फिव्हरची (डासांमुळे पसरणारा पीतज्वर) लस घेतल्याचं सर्टिफिकेट नसेल तर बोटीवर घेणार नाही, बाबा 71 चे आहेत आणि त्यांचे डॉक्टर लस नको म्हणतायत, तर सगळ्यांचीच ट्रिप कॅन्सल करावी का.

माझं मत आधीच सांगते, बाबांना ट्रिपसाठी लस देऊ नका, पण लगेच कॅन्सलपण करू नका, मध्ये दोन रस्ते आहेत ते आधी बघा.

आम्ही 2023 मध्ये अगदी याच गोष्टीत अडकलो होतो. नणंद ह्यूस्टनला असते, तिनेच सगळ्यांचं बुकिंग केलेलं, सासूबाई तेव्हा 68 च्या. आमच्या रूटवर पण कार्टाहेना आणि कोलोन होतं. पुण्यातल्या ज्या ट्रॅव्हल एजंटकडून विमानाची तिकिटं काढली त्याने लसीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आम्हीही करोनाच्या लसी झाल्यात म्हणजे झालं असंच समजून बसलो होतो. क्रूझवाल्यांचा मेल आला तेव्हा कळलं.

मग आम्ही चौघं एका दिवशी डेक्कन क्वीनने मुंबईला गेलो, पोर्ट हेल्थच्या सेंटरला अपॉइंटमेंट मिळाली होती. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने मान्यता दिलेल्या सेंटरलाच मिळते, आणि एक व्हायल फोडली की ती 6 तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकून द्यायची, म्हणून ते लोक ठरलेल्या दिवशीच बोलावतात आणि नंबर भरले की पुढची तारीख देतात. तिथे फॉर्म भरताना आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आजारांच्या रकान्यात फक्त बीपी लिहिलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं अजून काही गोळ्या? आई म्हणाल्या नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या हो, त्यांच्या हिशोबी रोजच्या गोळ्या त्याच गोळ्या, आणि संधिवातासाठी दर सोमवारी घेतात ती मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते म्हणून ती त्यांच्या डोक्यात धरलेलीच नव्हती. मीच शेजारून बोलले की सोमवारची एक आहे ना सांध्यांची. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, आज यांना देत नाही, तुमच्या र्‍हुमॅटॉलॉजिस्टचं पत्र आणा. तो क्षण आठवला की अजून पोटात गोळा येतो, कारण मी त्या वेळी बाहेर फोनवर असते तर?

कारण काय ते नीट समजून घ्या, म्हणजे घरात कोणी "एवढं काय होतंय एका इंजेक्शनने" म्हणालं तर तुम्हाला उत्तर देता येईल. यलो फिव्हरची लस जिवंत लस आहे, कमजोर केलेला विषाणूच शरीरात सोडतात. तब्येत धडधाकट असेल तर एक डोस जन्मभर पुरतो इतकी ती चांगली आहे, माझ्या मुलांना मी काही विचार न करता दिली. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील (आईंची मेथोट्रेक्सेट त्यातलीच), थायमसचा, म्हणजे छातीतल्या एका ग्रंथीचा, काही आजार असेल, अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी असेल, किंवा बाळ 6 महिन्यांच्या आतलं असेल तर देत नाहीत. आणि साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणार असाल तर डॉक्टर थांबून विचार करतात, कारण क्वचित कधीतरी लसीचाच विषाणू लिव्हर किडनीवर जातो. साठीनंतर हे लाखात साधारण एकाला, सत्तरीनंतर लाखात दोन-तीन जणांना होतं. आकडा लहान आहे, मान्य. पण झालं तर जिवावर बेततं, आणि समोर काय ठेवलंय तर एक दिवसाचं कार्टाहेना. ज्याला खरंच अ‍ॅमेझॉनच्या जंगलात कामाला जायचंय त्याचं गणित वेगळं, तिथे आजाराचीच भीती लसीपेक्षा मोठी आहे. तुमच्या बाबांना बोटीच्या डेकवर बसून समुद्र बघायचाय.

आता ते दोन रस्ते.

पहिला म्हणजे मेल पुन्हा वाचा आणि बघा की सर्टिफिकेट नक्की कोण मागतंय. क्रूझ कंपनीचा सहसा स्वतःचा असा काही हट्ट नसतो, पुढचं बंदर मागतं म्हणून कंपनी मागते. कोस्टा रिका हा देश कोलंबियाहून येणार्‍यांकडे यलो फिव्हरचं सर्टिफिकेट मागतो, आणि तुमची बोट कार्टाहेनाहूनच पुढे लिमोनला जातेय, म्हणजे घोडं तिथेच अडतंय. हीच बोट आधी कोस्टा रिका करून मग कोलंबियाला गेली असती तर ही अट बहुतेक आलीच नसती. त्यामुळे कंपनीला विचारा की त्याच सीझनला उलट्या क्रमाची किंवा ही बंदरं नसलेली सेलिंग आहे का आणि तुमचं बुकिंग तिकडे हलवता येईल का. आम्ही तेच केलं. कोझुमेल, ग्रँड केमन आणि जमैका असा रूट घेतला, आपल्या सरकारची यलो फिव्हरच्या देशांची एक यादी आहे, तिथून आलं की सर्टिफिकेट मागतात, त्या यादीत यातलं एकही ठिकाण नाही. फायनल पेमेंटच्या तारखेआधी हलवलं म्हणून फक्त थोडा फरक भरावा लागला. ही तारीख साधारण सेलिंगच्या अडीच-तीन महिने आधी असते, ती उलटली की कॅन्सलेशनचे पैसे पायरीपायरीने वाढत जातात आणि शेवटी काहीच परत मिळत नाही. आणि इन्शुरन्स आहे की असं धरून बसू नका, आमच्या पॉलिसीत आजारपणाने कॅन्सल केलं तर पैसे होते, कागद नाही म्हणून बोटीवर घेतलं नाही तर नव्हते.

दुसरा रस्ता सूट. लस देता येत नाही असं मान्यताप्राप्त सेंटरचा डॉक्टर सर्टिफिकेटच्या त्या पिवळ्या पुस्तिकेतच सही शिक्क्यानिशी लिहून देतो. पण हे पत्र घेऊन सरळ मायामीच्या टर्मिनलला जाऊन उभं राहू नका! कंपनीला आधी स्कॅन पाठवा आणि चालेल असं मेलवर लेखी घ्या, फोनवरच्या "येस सर"ला काही अर्थ नाही. आमच्या कंपनीने पत्र बघू असं म्हटलं पण ठाम हो कधीच म्हटलं नाही, म्हणून आम्ही तो नाद सोडला. बाबांना बोटीतच बसवून ठेवू, उतरवणार नाही, ही आयडियापण आम्ही विचारून पाहिली, त्यांचा नियम अख्ख्या रूटला होता, उतरा नाहीतर उतरू नका.

आणि एक गोष्ट जी तुमच्या प्रश्नात नाहीये पण याहून महत्त्वाची आहे, परत येताना मुंबईला काय होणार. कोलंबिया आणि पनामा हे दोन्ही देश आपल्या यादीत आहेत. अशा देशातून निघून 6 दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि सर्टिफिकेट नसेल तर 6 दिवस पुरे होईपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. तुम्ही फक्त बंदरावर दोन तास फिरलात, जंगलात गेलाच नाहीत, हे तिथे चालत नाही, देश बघतात. तुम्ही लिहिलंय की क्रूझ संपली की दुसर्‍या दिवशीचं फ्लाइट आहे. समजा सूट मिळून तुम्ही हाच रूट केलात तर ते फ्लाइट पुढे ढकला, अमेरिकेत भाऊ आहे म्हणालात ना, त्याच्याकडे आठवडाभर राहा, पनामा सोडल्याच्या दिवसापासून मोजा आणि 6 च्या वर एक-दोन दिवस जास्तच धरा. एअरलाइनला पण आधी विचारून ठेवा, चेक-इनला तेच अडवतात.

हा नियम उगाच आहे असं मला आधी वाटायचं, आता नाही वाटत. यलो फिव्हर पसरवणारा डास तोच, एडीस इजिप्ती, जो आपल्याकडे डेंग्यू पसरवतो. कोथरूडला आमच्या सोसायटीत दर पावसाळ्यात दोन-चार जणांना डेंग्यू होतोच, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंड्यांच्या ताटल्या तपासायला महापालिकेची माणसं येतात. म्हणजे डास आहे, गर्दी आहे, कोणालाच लस नाही, फक्त तो विषाणू तेवढा इथे आजपर्यंत आलेला नाही. 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा पहिली शंका यलो फिव्हरचीच आली होती, मग आपल्या पुण्यातल्याच संस्थेने, जिला आता एनआयव्ही म्हणतात, शोधून काढलं की हा वेगळाच विषाणू आहे. आणि कोलंबियात 2025 च्या एप्रिलमध्ये यलो फिव्हरमुळे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली होती, म्हणजे हा काही पुस्तकातला जुना आजार नाहीये.

म्हणूनच सांगते, तुम्हालाही कोणीतरी भेटेल जो म्हणेल की इंजेक्शन न घेता नुसतं पिवळं कार्ड करून देतो, पैसे द्या. आम्हाला आमच्याच नात्यातल्या एकांनी हे सुचवलं होतं आणि वर "सगळे करतात" पण म्हणाले. अजिबात नाही. त्यावर पासपोर्ट नंबर असतो, पकडलं तर बाबांच्या नावावर खोटा कागद, आणि नाही पकडलं तर त्याहून वाईट, आपण आपल्याच गल्लीशी खेळलो.

तुमच्यापैकी बाकीच्यांनी लस घ्यायची असेल तर वेळ धरा, घेतल्यापासून 10 दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. 2016 च्या जुलैपासून ते जन्मभर चालतं, पूर्वी 10 वर्षांचं असायचं, त्यामुळे कोणाकडे जुनं असेल तर टाकून देऊ नका, तेही चालतं. आणि तुमच्या आई 66 च्या आहेत, त्यांच्याही गोळ्यांची पिशवी अख्खी सेंटरला घेऊन जा, तोंडी यादी नको, पिशवी. आठवड्याची, महिन्याची, आयुर्वेदिक, सगळी.

शेवटचं जरा घरातलं. मुंबईहून परत येताना गाडीत आई म्हणाल्या, तुम्ही जा, मी शेजारच्या काकूंकडे जेवते, माझ्यामुळे पोरांची ट्रिप नको बुडायला. नवर्‍याला ते पटायला लागलं होतं, पैसे भरलेले होते. मी अडून बसले, आणि त्यावरून आमच्यात चार दिवस बोलणं बंद होतं. तुमचे बाबापण हेच म्हणतील, कदाचित म्हणूनही झालं असेल. ते मनापासून म्हणत असतात पण ते लगेच खरं धरायचं नसतं. बाबांना विचारताना "आम्ही जाऊ का" असं विचारू नका, "रूट बदलला तर तुम्ही याल का" असं विचारा. आमच्या आईंनी ह्या प्रश्नावर पहिल्यांदा विचारलं की मग बोटीवर चहा मिळतो का नीट.

रूट हलला नाही, सूटही लेखी मिळाली नाही, तर मात्र मी कॅन्सल करीन, सगळ्यांची, आणि ते दहा दिवस भावाकडे काढीन. तुमची फायनल पेमेंटची तारीख कधी आहे ते खाली लिहा, आणि कंपनीला मेल आजच टाका, सोमवारची वाट बघू नका.