प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, मग संडेस्कूल शिकवायचं सोडू का?

"मावशी, सलाम. मी नगर जिल्ह्यातली, वय ३६. पप्पा किडनीच्या आजाराने गेले, दीड वर्ष झालं. चर्चच्या मंडळीने उपास धरले, पाळीपाळीने साखळी प्रार्थना केल्या. ते गेल्यावर कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की घरच्यांचा विश्वास कमी पडला. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की भिंतीशी बोलतेय असं वाटतं, रात्री झोप नाही. तरी दर रविवारी चर्चच्या संडेस्कूलला मुलांना बायबल शिकवते, ढोंगीपणा वाटतो. प्रभुभोजन (चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस) घेणं बंद केलंय. भावाशी हॉस्पिटलच्या बिलावरून बोलणं नाही, पण तो वेगळा विषय. मी शिकवणं सोडू का?"

सलाम गं. आधी त्या बाईंचं बघू कारण त्या तुझ्या डोक्यात ठाण मांडून बसल्यात. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा अकरावा, विश्वासावरचा अध्याय तू मुलांकडून पाठ करून घेत असशील, "न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी" वगैरे, पण आपल्याकडे पहिलं वचन पाठ झालं की पुस्तक मिटतात. पुढे जा ना. ३४ व्या वचनात विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेपासून वाचले असं आहे आणि ३७ व्या वचनात काही जण त्याच तलवारीने मेले, करवतीने चिरले गेले, आणि लिहिणाऱ्याने दोघांनाही एकाच यादीत घातलंय, मेलेल्यांचा विश्वास कमी होता असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि क्रुसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून प्रार्थना केली, तो टळला नाही, मग तिथे कुणाचा विश्वास कमी पडला हे त्या बाईंना विचार. नको, विचारू नकोस, उगाच भांडण होईल आणि पुढच्या मीटिंगला तोच विषय.

आता ढोंगीपणाचं. तुला काही जाणवत नाही हे खरं, पण जाणवणं म्हणजेच विश्वास हे तुला शिकवलं कुणी? हल्ली कन्व्हेन्शनमध्ये, मोठ्या प्रार्थना मेळाव्यात, कीबोर्ड वाजला, डोळ्यातून पाणी आलं की पवित्र आत्मा आला असं धरून चालतात आणि घरी आल्यावर कोरडं वाटलं की माणूस घाबरतं. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली छापून आली, त्या जाऊन दहा वर्षं झाल्यावर, तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. पण पहाटेची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवली नाही, माणसं उचलून आणायचं थांबवलं नाही. (त्या कॅथलिक म्हणून आपल्यातले काही नाक मुरडतील, मुरडू देत.)

आपल्या नगरकडचंच बघ. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई किती रडल्या, किती वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. पण त्याच्या आधी काय झालं, तर जातपात देवाने केलेली नाही हे मनाला पटलं आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवून टाकलं. म्हणजे अजून ख्रिस्ती झाल्या नव्हत्या तरी कळलं तेवढं करायला सुरुवात केली. माझा सगळा भर यावरच आहे बघ, न दिसणाऱ्यावरचा विश्वास कधी वाढतो कधी आटतो, ते आपल्या हातात नाही, पण जे शिकवलंय ते आज करायचं का नाही हे आपल्या हातात आहे.

म्हणून संडेस्कूल सोडू नकोस. येशू पुन्हा उठला यावर शंका घेणाऱ्या थोमा शिष्याचा धडा घे एकदा, पण नीट घे. तो म्हणाला खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मुळीच विश्वास धरणार नाही, आणि आठ दिवसांनी कुठे होता, तर त्याच घरात त्याच शिष्यांबरोबर. त्यांनी त्याला हाकललं नाही, तोही उठून गेला नाही. आणि एखाद्या पोराने विचारलं की टीचर, आपण प्रार्थना करूनही माझी आजी का गेली, तर मला माहीत नाही म्हणून सांग, मुलांना ते चालतं, मोठ्यांनाच चालत नाही.

झोपेचं मात्र प्रार्थनेवर ढकलू नकोस. दीड वर्ष झोप नसेल तर डॉक्टरला दाखव, किंवा १४४१६ ला फोन कर, टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि तो "वेगळा विषय". मला तो अजिबात वेगळा वाटत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात चक्क लिहिलंय की वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तिथे चूक कुणाची हे विचारलेलं नाही हं. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा रिक्षाने तूच नेलंस आणि त्याने नुसते पैसे दिले, असं असेलही, किंवा पैसेही दिले नसतील, पण बापाच्या आजारपणात दोघांची दमछाक वेगवेगळी होते आणि दोघांनाही वाटतं मीच जास्त केलं. व्हॉट्सॲपवर लिहू नकोस, तिथे शब्दाला शब्द लागतो. बिलांची फाइल घे, मेडिक्लेमचे कागद घे आणि शनिवारी त्याच्या घरी जा, वहिनीलाही बसव, नाहीतर मागून दुसरंच भांडण. हिशोब जुळला नाही तरी चहा पिऊनच ये.

प्रभुभोजन "अपात्रपणे" घेतलं तर शिक्षा, असं प्रेषित पौलाने करिंथकरांस पत्रात लिहिलंय, या भीतीने थांबली आहेस ना? करिंथच्या मंडळीत काही जण आधीच खाऊन पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे, पौल रागावला होता तो यावरून, कुणाला प्रार्थना कोरडी वाटते म्हणून नाही. तेव्हा पुढच्या रविवारी घे. आणि भाऊ काय म्हणाला ते मला कळव.

तुझी मावशी