सहजप्रवृत्ती, अंतःप्रेरणा की प्रतिक्षिप्त क्रिया?

प्रश्न : माणसाच्या वागण्याविषयी आणि निर्णयांविषयी लिहिताना 'इन्स्टिंक्ट'ला कोणता मराठी शब्द योजावा? सहजप्रवृत्ती, उपजत प्रेरणा, अंतःप्रेरणा हे एकमेकांच्या जागी चालतात का?

चालत नाहीत. शब्द निवडण्याआधी एवढंच पाहावं, की ज्याबद्दल लिहायचं आहे ते जन्मतः असतं की अनुभवातून येतं.

जन्मतः असेल तर 'सहजप्रवृत्ती' हा नेमका शब्द आहे. सह म्हणजे सोबत आणि ज म्हणजे जन्मलेलं. गीतेतल्या 'सहजं कर्म' (१८.४८) मध्ये सहजचा हाच अर्थ आहे. अडचण अशी, की आजच्या बोलण्यात सहज म्हणजे विनासायास किंवा काही हेतू न धरता ('सहज आलो होतो'). त्यामुळे नवख्या वाचकाला सहजप्रवृत्ती म्हणजे सहज जडलेली आवड वाटू शकते. सर्वसाधारण वाचकांसाठी लिहिताना 'उपजत प्रवृत्ती' म्हणावं, तिथे हा घोटाळा होत नाही. 'उपजत प्रेरणा' मात्र मी टाळेन, कारण मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'प्रेरणा' हा शब्द मोटिव्हेशनसाठी रुळला आहे.

उपजत प्रवृत्तीत क्रियांची एक सबंध साखळी असते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक लोरेंझ आणि टिनबर्गन यांनी १९३८ मध्ये ग्रेलॅग हंसाच्या मादीचं वर्णन केलं. घरट्याबाहेर गेलेलं अंडं ती चोचीने आत ओढते, आणि मधेच अंडं काढून घेतलं तरी ओढण्याची हालचाल पूर्ण करते. माणसात इतकी ठरीव साखळी क्वचितच दिसते. तान्ह्या बाळाच्या तळहाताला बोट लागलं की मूठ आवळली जाते, पण ती 'प्रतिक्षिप्त क्रिया' आहे : एक उद्दीपक, एक ठरावीक प्रतिसाद. पाच-सहा महिन्यांत ती मावळतेही. गरम तव्यावरून हात मागे घेणं याच खात्यातलं, त्याला प्रवृत्ती म्हणू नये.

काही गोष्टी मधल्या असतात. मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांच्या प्रयोगांत प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरताना पाहिलं की ती चटकन घाबरायला शिकली. फुलांची भीती मात्र तशी शिकली नाहीत. म्हणजे भीती शिकलेली, आणि ती शिकण्याचा कल उपजत. माणसाबद्दल लिहिताना 'उपजत कल' हा जोडशब्द फार उपयोगी पडतो आणि अजून पुरेसा वापरला जात नाही.

निर्णयांची गोष्ट वेगळी. जळत्या इमारतीत अग्निशमन दलाचा मुरलेला अधिकारी क्षणात 'बाहेर पडा' म्हणतो आणि कारण विचारलं तर त्याला सांगता येत नाही. ही सहजप्रवृत्ती नव्हे, कारण नोकरीच्या पहिल्या दिवशी ती त्याच्यापाशी नव्हती. आधी पाहिलेल्या अनेक आगींच्या खुणा मनात साठलेल्या असतात, त्यांतून तो ताडतो. इथे 'अंतःप्रेरणा' किंवा 'आतला कौल' म्हणावं. अशा निर्णयांचे अभ्यासक गॅरी क्लाइन आणि अंतःप्रेरणेकडे संशयाने पाहणारे डॅनिएल कानेमान यांनी २००९ च्या संयुक्त लेखात कौल भरवशाचा ठरायला दोन अटी मांडल्या : परिस्थितीत काही नियमितपणा हवा, आणि तो शिकण्याची संधी म्हणजे आपलं बरोबर की चूक हे वेळेवर कळायला हवं. शेअरचे भाव ओळखण्यात पहिलीच अट पुरी होत नाही. म्हणून 'गुंतवणूकदाराची सहजप्रवृत्ती' हा प्रयोग दुहेरी चुकतो : ती उपजतही नाही आणि भरवशाचा कौलही नाही.

खरं तर इथे मराठीला नामाची गरजच कमी पडते. शंकेची पाल चुकचुकली, मन धजेना, मनाने घेतलं नाही, आतून वाटलं. प्रत्येकाची छटा निराळी आहे. 'त्याच्या अंतःप्रेरणेने त्याला धोक्याची सूचना दिली' यापेक्षा 'त्याच्या मनात पाल चुकचुकली' हे कितीतरी नेमकं आहे.

आणखी एक चूक वारंवार दिसते. 'तो भांडतो, कारण भांडण्याची त्याची सहजप्रवृत्ती आहे' या वाक्यात कारण सांगितलेलंच नाही, वागण्यालाच दुसरं नाव दिलं आहे. मानसशास्त्रज्ञ मॅक्डूगल यांनी १९०८ मध्ये माणसाच्या सहजप्रवृत्तींची यादी मांडली, त्यानंतर अशा याद्या फुगत गेल्या आणि पुढे त्यांच्यावर हाच आक्षेप आला. तिथे 'स्वभाव' किंवा 'खोड' पुरे.

लेखनाबद्दल : 'अंतर्प्रेरणा' चुकीचं, 'अंतःप्रेरणा' बरोबर (पण अंतर्ज्ञान), आणि विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकू नये. 'प्रवृत्ती' सुटा शब्द असताना दीर्घ, समासात आधी आला तर ऱ्हस्व : प्रवृत्तिजन्य.