अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून दोन वर्षांचं नर्सिंग केलं तर आरएन (रजिस्टर्ड नर्स) होता येतं का, की बीएसएनच (नर्सिंगची चार वर्षांची पदवी) लागतं?

हो, होता येतं, कारण एडीएनवाल्यांनाही (म्हणजे ही दोन वर्षांची पदवी घेणाऱ्यांनाही) बीएसएनवाल्यांसारखीच एनक्लेक्स-आरएन ही लायसन्सची परीक्षा असते आणि लायसन्सही तेच मिळतं. माझी वहिनी कॅलिफोर्नियात याच मार्गाने आरएन झाली म्हणून खात्रीने सांगतोय. फक्त ते ‘दोन वर्षं’ फार मनावर घेऊ नका, आधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी लॅबसकट पास व्हावं लागतं, त्यात वर्ष सहज जातं, वर जागा कमी म्हणून बऱ्याच कॉलेजांत वेटिंग लिस्ट नाहीतर चक्क लॉटरी! फी मात्र खरंच कमी, कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर, पुस्तकं-युनिफॉर्म वेगळे. अडचण एकच, बरीच मोठी हॉस्पिटल्स बीएसएनवाल्यांना आधी घेतात, आणि न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ च्या कायद्याने नवीन आरएनला १० वर्षांत बीएसएन करावंच लागतं, पण ते नोकरी करता करता ऑनलाइन होतं आणि काही हॉस्पिटल्स त्याची फीसुद्धा भरतात. एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असाल तर शिकायला हरकत नाही पण नोकरीला वर्क परमिट लागेल, ते अ‍ॅडमिशनच्या आधीच बघून घ्या.