न्यूयॉर्क सिटीच्या सरकारी शाळा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

न्यूयॉर्कला बदली झालेल्या किंवा होऊ घातलेल्या लोकांची या वेळी बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतलीत, बाकीच्यांची उत्तरंही त्यातच सापडतील.

प्रश्न: ह्यांची कंपनीतर्फे न्यूयॉर्कला बदली झालीये, ऑफिस मॅनहॅटनमध्ये. मुलगी सहावीत आहे, मुलगा चार वर्षांचा. तिकडे राहणारे ओळखीचे सगळे एकच सांगतात, की सिटीत राहू नका, तिथले पब्लिक स्कूल बेकार, लाँग आयलंडला नाहीतर न्यूजर्सीत चांगलं डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळांचा विभाग, बघून घर घ्या. पण तिथली भाडी बघून डोळे पांढरे झाले, वर ह्यांचा रोजचा लोकलचा प्रवास. सिटीतच, क्वीन्स भागात राहिलो तर मुलांचं नुकसान होईल का?
— एक आई, पुणे

उत्तर: नाही होणार. पण तुमच्या ओळखीचे लोक अगदीच खोटं बोलतायत असंही नाही, ते अर्धं सांगतायत.

मुळात "सिटीच्या शाळा" असं एकगठ्ठा काही नसतं हो. नऊ लाखांच्या आसपास मुलं, दीड हजारांवर शाळा, एकाच खात्याखाली, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं स्कूल डिस्ट्रिक्ट आहे ते. त्यात उत्तम, बऱ्या, रडतखडत चालणाऱ्या अशा सगळ्या शाळा आल्या. उपनगरात काय होतं, गावाला एक हायस्कूल असतं, बहुतेक वेळा चांगलं असतं, पण जे आहे ते आहे. मुलीला गणित आवडो, नाच आवडो नाहीतर इंजिनं उघडून बघायला आवडो, शाळा तीच. सिटीत मात्र चारशेवर हायस्कूल आहेत आणि त्यातली काही अशी आहेत की एखाद्या लहान गावाच्या डिस्ट्रिक्टला ती परवडणारच नाहीत, कारण तेवढी मुलंच मिळणार नाहीत. क्वीन्समध्येच एव्हिएशन हायस्कूल आहे, तिथली मुलं विमानाच्या इंजिनावर आणि सांगाड्यावर काम करत शिकतात आणि बारावीबरोबर, कधी एक वर्ष जास्त थांबून, विमान मेकॅनिकचं सरकारी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडतात. गव्हर्नर्स आयलंड नावाच्या बेटावर हार्बर स्कूल आहे, मुलं फेरी बोटीने शाळेत जातात आणि बोट चालवणं, पाण्याखाली डायव्हिंग, कालवं वाढवून बंदराचं पाणी सुधारणं असलं शिकतात. ब्रुकलिनमध्ये पी-टेक आहे, 2011 साली आयबीएम आणि सिटी युनिव्हर्सिटीबरोबर सुरू झालेलं, नववीपासून सहा वर्षांचा कोर्स, शेवटी दोन वर्षांची कॉलेजची डिग्री हातात, आणि फी शून्य. गाणं, नाटक, चित्रकला यांच्यासाठी लागार्डिया, तिथे ऑडिशन द्यावी लागते. इथे मोठं असण्याचा फायदा दिसतो. नऊ लाखांत विमानवेडी दोन हजार पोरं सहज निघतात, पंधरा हजारांच्या गावात दहा निघाली तर डोक्यावरून पाणी.

आता तुमच्या मुलीचं. तिला आठवीत असताना हायस्कूलसाठी अर्ज करायचाय, म्हणजे तिथलं सगळं समजून घ्यायला दोन वर्षं आहेत. अर्जात 12 पसंत्या क्रमाने द्यायच्या असतात आणि इथेच आपले लोक घोळ घालतात. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचं डोकं घेऊन जातात आणि म्हणतात, पहिल्या नंबरवर अवघड शाळा टाकली आणि ती नाही मिळाली तर दुसरीही हातची जाईल, त्यापेक्षा "सेफ" वर टाकू. तसं तिथे होतच नाही. 2003-04 च्या सुमारास ही पद्धत काही अर्थशास्त्रज्ञांनी बनवून दिली, त्यातल्या अल्विन रॉथ यांना पुढे 2012 मध्ये नोबेल मिळालं. समजा मुलीने पहिली लागार्डिया टाकली, दुसरी एव्हिएशन. लागार्डियात नाही बसली तर एव्हिएशनमध्ये तिचा विचार अगदी तसाच होणार जसा एव्हिएशन पहिल्या नंबरवर टाकणाऱ्या मुलाचा होतो. शाळेला तिने कितवा नंबर दिलाय ते कळतही नाही. तेव्हा खरंच जी आवडते तीच वर टाका, हुशारी करायला गेलात तर स्वतःचंच नुकसान.

मुलाला प्री-के मिळेल, म्हणजे चार वर्षांच्या मुलांचा पूर्ण दिवसाचा वर्ग, सिटीत सगळ्यांना फुकट. तिथल्या डे-केअरचे आकडे एकदा ह्यांना विचारायला सांगा म्हणजे याची किंमत कळेल. आणि 2022 च्या राज्याच्या कायद्याने सिटीतल्या वर्गांची पटसंख्या टप्प्याटप्प्याने कमी करायचीये, तिसरीपर्यंत 20, आठवीपर्यंत 23, हायस्कूलला 25. सगळीकडे अजून झालेलं नाही, पण दिशा ती आहे.

ओळखीच्यांचं अर्धं खरं कुठलं, तर प्राथमिकला बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून शाळा ठरते, आणि दोन गल्ल्यांच्या अंतरावर शाळा बदलते. काही शाळांत पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, एवढे पैसे जमवते की जादाचा आर्ट टीचर ठेवते, काही ठिकाणी फोटोकॉपीचे वांधे. त्यामुळे भाडेकराराची सही करायच्या आधी त्या पत्त्याची शाळा कुठली ते बघा, आणि शक्य तर आत जाऊन बघा. वेबसाइटवर दहापैकी किती मार्क ते बघून ठरवू नका, त्या मार्कांतून बरंचसं पालकांचं उत्पन्न कळतं, शिकवणं फारसं कळत नाही.

प्रश्न: माझा नातू ब्रुकलिनला दुसरीत आहे. लेक म्हणते डबा द्यायची गरज नाही, शाळेतच जेवण मिळतं आणि तेही फुकट. आम्ही शुद्ध शाकाहारी. फुकटचं जेवण कसलं असणार, आणि पोरगा काय खात असेल याचा घोर लागलाय. दिवाळीलाही म्हणे शाळा असते?
— एक आजी, सांगली

उत्तर: आजी, नमस्कार. फुकट म्हणजे गरिबांसाठी काढून ठेवलेलं असं नाही बरं का. 2017 पासून सिटीच्या प्रत्येक शाळेत प्रत्येक मुलाला जेवण मोफत आहे, डॉक्टरचा मुलगा असो की टॅक्सीवाल्याचा. आधी फॉर्म भरून मिळायचं, तेव्हा लाजेने कितीतरी मुलं उपाशी राहायची. सोमवारी सगळ्याच शाळांत मांस नसतं, हे 2019 पासून, आणि 2022 पासून शुक्रवारीही वनस्पतीजन्य पदार्थ मुख्य असतात. बाकीच्या दिवशीही बिनमांसाचं काहीतरी असतंच. आता ते तुमच्या हातच्या भरल्या वांग्यासारखं लागेल अशी अपेक्षा नको, बीन्स, चीज, सॅलड असा प्रकार, आणि चीजमध्ये, पावात काय असतं याबाबत तुम्ही फार कडक असाल तर लेकीला डबाच देऊ दे, डब्याला कुणी हरकत घेत नाही.

दिवाळीचं मात्र बदललंय. राज्याने 2023 मध्ये कायदा केला आणि 1 नोव्हेंबर 2024 ला पहिल्यांदा सिटीच्या सगळ्या शाळा दिवाळीसाठी बंद होत्या. त्याच्यामागे क्वीन्समधल्या भारतीय आणि गयाना-त्रिनिदादकडच्या हिंदू लोकांची कितीतरी वर्षांची खटपट होती. आणि एक गंमत, नातू हायस्कूलला गेला की शाळेच्या टीमकडून क्रिकेटही खेळू शकेल, 2008 पासून सिटीच्या सरकारी शाळांची आंतरशालेय क्रिकेट लीग आहे! मोठ्या शहराच्या शाळेत जगभरची मुलं येतात ना, त्याचे असे फायदे होतात.

प्रश्न: मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलतो पण कमी. इथे तीन शाळांनी गोड बोलून नकार दिला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला जाणार आहोत. तिथली सरकारी शाळा घेईल का, का खासगी शोधायची? इंग्रजी त्याला जेमतेम येतं.
— एक बाबा, नाशिक

उत्तर: घेईल. घ्यावंच लागतं. 1975 पासून अमेरिकेत केंद्राचा कायदा आहे की अपंगत्व असलेल्या मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे मोफत शिक्षण द्यायची जबाबदारी सरकारी शाळा डिस्ट्रिक्टची. "आमच्याकडे सोय नाही" म्हणून वाटेला लावायची मुभा नाही. खासगी शाळेला तो नियम तसा लागू होत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत सरकारी हाच पहिला दरवाजा आहे.

करायचं काय ते सांगतो. पोचल्यावर मुलाचं मूल्यमापन करा अशी विनंती लेखी द्या, तोंडी नको, आणि त्याची तारीख घातलेली कॉपी स्वतःकडे ठेवा. तुम्ही संमतीवर सही केलीत की तिथून 60 दिवसांत तपासण्या पूर्ण व्हायला हव्यात. इथले रिपोर्ट, थेरपिस्टची पत्रं, सगळं इंग्रजीत घेऊन जा. मग एक मीटिंग होते, तिच्यात तुम्हीही बरोबरीचे सदस्य असता, आणि आयईपी नावाचा कागद तयार होतो, त्यात स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, एकट्याला की गटात, असं सगळं लिहिलेलं असतं. मोघम लिहू देऊ नका, "गरजेनुसार" असा शब्द दिसला की थांबवा.

आता मोठ्या डिस्ट्रिक्टचा उपयोग इथे सगळ्यात जास्त आहे असं माझं मत. एक प्रकार आहे आयसीटी वर्गाचा. एकाच वर्गात दोन शिक्षक, एक नेहमीचा आणि एक स्पेशल एज्युकेशनचा, दोघं दिवसभर. अपूर्णांक शिकवायचे असतील तर एकजण फळ्यावर समजावतो, दुसरा चार-पाच मुलांना घेऊन कागदाच्या पट्ट्या घडी घालून तेच करून घेतो, आणि त्या पाचात कधी आयईपी नसलेली मुलंही असतात, त्यामुळे "हा वेगळा" असा शिक्का बसत नाही. त्याच्यापुढे जाऊन खास ऑटिझमसाठी नेस्ट नावाचे वर्ग आहेत, 2003 मध्ये ब्रुकलिनच्या एका शाळेत सुरू झाले, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची मदत आहे त्यांना. त्यात वर्ग मुद्दाम लहान ठेवतात आणि शिक्षकांना वेगळं ट्रेनिंग असतं. ते सगळ्यांना चालत नाही, अभ्यासात वयाच्या आसपास असणाऱ्या मुलांसाठी आहे. ज्यांना आणखी आधार लागतो त्यांच्यासाठी डिस्ट्रिक्ट 75, शहरभर पसरलेलं वेगळं डिस्ट्रिक्टच. एवढे पर्याय लहान गावात कुठून आणणार, तिथे अशी चार मुलं असतात, मग त्यांना बसने दुसऱ्या गावाला पाठवतात.

इंग्रजीची काळजी करू नका. घरी कुठली भाषा बोलता याचा फॉर्म सुरुवातीलाच भरून घेतात, त्यावरून इंग्रजीची चाचणी आणि जादा मदत. मूल्यमापन करणाऱ्यांना मात्र ठणकावून सांगा की घरची भाषा मराठी आहे, नाहीतर भाषा न कळल्याने गप्प बसलेल्या मुलाचा अर्थ भलताच लावतील. दुभाषी मागायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि वाईट बाजूही ऐकून ठेवा. कागदावर लिहिलेली थेरपी प्रत्यक्षात सुरू व्हायला उशीर होतो, थेरपिस्ट कमी पडतात, नेस्टच्या जागा मर्यादित. पाठपुरावा करणाऱ्या पालकांच्या मुलाला लवकर मिळतं, हे अन्यायाचं आहे पण आहे. दर आठवड्याला एक ईमेल, नम्र भाषेत, बास.

प्रश्न: स्टायव्हसंटसाठी कोचिंग कितवीपासून लावावं? मुलगा आता चौथीत.
— एक बाबा, क्वीन्स

उत्तर: चौथीत? दादा, त्याला खेळू द्या की.

स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक धरून सिटीच्या आठ नामांकित सरकारी हायस्कूलांच्या प्रवेशासाठी एकच परीक्षा असते, आठवीच्या सुरुवातीला, तीन तासांची, इंग्रजी आणि गणित. पंचवीस हजारांवर मुलं बसतात, जागा मिळतात चार हजारांच्या आसपास. ब्राँक्स सायन्सचे नऊ माजी विद्यार्थी नोबेलवाले आहेत, त्यातले भौतिकशास्त्रज्ञ वाइनबर्ग आणि ग्लॅशो तर एकाच वर्गातले, त्यामुळे ओढ असणार हे कळतं. पण सहावीपर्यंत वाचन भरपूर आणि गणित पक्कं, मग सातवीनंतरच्या सुट्टीत जुने पेपर, एवढं पुष्कळ. उत्पन्न कमी असेल तर सिटीचा स्वतःचा मोफत तयारी वर्गही आहे, शाळेत चौकशी करा. आणि नाही मिळाली तर बाकीच्या चारशे शाळा आहेत ना, त्यातल्या कितीतरींत सिटी युनिव्हर्सिटीच्या 'कॉलेज नाऊ'मधून हायस्कूलला असतानाच कॉलेजचे विषय फुकट करता येतात. ह्याचा विचार करताना कुणी दिसत नाही, सगळे त्या एका नावामागे.

प्रश्न: आम्ही फेब्रुवारीत पोचतोय. अर्ध्या वर्षात प्रवेश मिळेल? काय कागद लागतात? व्हिसा विचारतात का?
— एक आई, ठाणे

उत्तर: कधीही मिळतो. फॅमिली वेलकम सेंटरला, म्हणजे सिटीच्या शाळा खात्याच्या प्रवेश कार्यालयात जायचं, मुलाच्या जन्माचा दाखला किंवा पासपोर्ट, पत्त्याचे दोन पुरावे आणि लसीकरणाची नोंद न्यायची. व्हिसा विचारत नाहीत. लसींमध्ये कांजिण्यांची लस बघून ठेवा, आपल्याकडे सरकारी वेळापत्रकात ती नसल्याने बऱ्याच मुलांना दिलेली नसते आणि तिथे नेमकी तीच अडते, इथूनच देऊन निघा आणि तारखेसकट लिहून घ्या. मुलांना बस-सबवेचं मोफत कार्डही मिळतं, लांब राहणाऱ्यांना, दिवसाला चार प्रवास, सुट्टीतसुद्धा. इयत्ता जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून ठरवतात, त्यामुळे मुलाचा वाढदिवस नोव्हेंबर-डिसेंबरचा असेल तर तो वर्गात सगळ्यात लहान असणार आणि कदाचित इथल्यापेक्षा एक इयत्ता पुढे बसवतील. ते झेपणार नाही असं वाटलं तर पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांशी बोला, जूनपर्यंत थांबू नका.